ओढ्याचा हाकारा

"उद्या सकाळी वारा वायव्येचा असणार," म्हणत ऑर्विलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला. त्याने ओढा काढला, काठची झाडी काढली आणि वरचं माळरान कोरंच सोडलं. उजाडलं की हरणं माळावरून चरून झाडीत उतरत, हे त्याला चाळीस वर्षांपासून पाठ होतं.

"तू या वळणावर बंदूक घेऊन बस. वरच्या अंगाने हाकारत मी येतो."

"हाकारायला दरवर्षी मी जाते, बाबा," त्याची मुलगी ट्वायला म्हणाली. "बंदूक तुमच्याकडे असते."

"यंदा जरा पाय मोकळे करावेसे वाटतात."

"गुडघा धरून जिना चढता, आणि म्हणे पाय मोकळे करायचेत."

तो हसला नाही. गेल्या वर्षी त्याच वळणावर झुडूप हललं होतं. त्याने नेम धरला, चाप अर्धा ओढला, आणि त्या धूसर हालचालीत उशिराने त्याला नारिंगी जाकीट दिसलं. ट्वायलाचं. वर्षभर त्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"बंदूक तू घे," तो खालमानेने म्हणाला. "का ते विचारू नकोस."

ट्वायलाने हलकेच त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि वळणावर स्वतःचं नाव लिहिलं.

"नाही विचारत. तुमची बंदूक माझ्यावर रोखलेली मी पाहिली होती, बाबा. तुम्ही स्वतःहून हे म्हणाल, म्हणून वर्षभर थांबले होते."