शेवटचं कधी पाहिलंत?

पाचूबंदरच्या फ्लोरामावशींना शेजारच्या डायनाने सकाळी दहाला इस्पितळात आणलं. तोंड वाकडं झालेलं, डावा हात लुळा पडला होता, शब्द फुटत नव्हता. "यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" डॉक्टर अक्षदाने विचारलं. "झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं." डायना ओशाळली. "रविवारी, चर्चमध्ये मिस्सेला." आज गुरुवार होता. कॅनडातून मुलगा फोनवर म्हणाला, "मम्मीशी बोलून पंधरा दिवस झाले असतील." मावशी सगळं ऐकत होत्या. मग अक्षदा त्यांच्याच कानाशी वाकली. "मावशी, हे सकाळी सातला झालं? हो असेल तर डोळे मिटा." डोळे उघडेच राहिले. "आठला?" मावशींनी डोळे मिटले. स्कॅन करून इंजेक्शन दिलं. तासाभराने अक्षदाने त्यांच्या डाव्या तळव्यात बोटं ठेवली. "दाबा." मूठ हळूहळू मिटली. "छान! आता सोडा." मावशींनी बोटं सोडली नाहीत.