लाल दोऱ्याचा आकडा

जरा जवळ सरका मायबाप, एका हेडनर्सची गोष्ट सांगते.

लहानपणी मुलींच्या निवासी शाळेत सात वर्षं काढलेल्या या बाईचा राग अजून विझला नव्हता. तिथल्या मेट्रनने मुलींना नावाने कधी हाक मारलीच नाही. कपड्यांवर लाल दोऱ्याने शिवलेला आकडा, तेच नाव. रोज हात वर करून म्हणायचं, "सतरा नंबर हजर, बाई."

"माझी आई गेली, तेव्हासुद्धा ती मेट्रन म्हणाली, 'सतरा नंबर, सामान बांध, तुझी आई गेली,'" वॉर्डातल्या टेबलाशी चहा घेताना ती नव्या नर्सला सांगत होती.

"जाऊ द्या ना सिस्टर, किती वर्षं झाली."

"का जाऊ देऊ? देवाने दिलेला जीव तो, त्याला नावाने हाक मारायला हिची जीभ झिजत होती?"

कप आपटून ती उठली आणि तिथूनच ओरडली, "बारा नंबरचं ड्रेसिंग अजून राहिलंय का गं?"



बाराव्या खाटेवर सगळं ऐकत पडलेल्या आजीने सलाईन लावलेला हात वर केला. "बारा नंबर हजर, बाई."

त्या आजीची आठवण ठेवा, मायबाप. नाव मात्र मला विचारू नका. ते कुणी विचारलंच नव्हतं.