छातीवरची हवा

"छातीवरची हवा काढली म्हणजे काढली!" दादा म्हणाला. धाकटी टाकीच्या काठावर बसून पायांत रबरी पंखे चढवत राहिली.

पाणबुडे घालतात ती जाकिटं या भावंडांच्या कारखान्यात बनत. हवा भरली की माणूस वर, सोडली की खाली. आराखडे धाकटीचे, तोरा दादाचा. जुन्या जाकिटात पाठीबरोबर छातीवरही हवा असे. त्याने बरगड्या आवळत आणि फोटोत धडधाकट माणूसही ढेरपोट्या दिसे. नव्या जाकिटात हवा फक्त पाठीवर. शिकाऊ पाणबुड्यांच्या एका शाळेला ते हवं होतं. धाकटीच्या सहीशिवाय माल बाहेर जात नसे, आणि धाकटी सही करत नव्हती.

"अगं, पाण्याखाली माणूस माशासारखा आडवा राहतो. आणखी काय पाहिजे?"

"माणसं वरही येतात, दादा."

"मग पोहतील की!"

"शुद्धीवर असली तर."

"तुझ्या तोंडून कधी बरं निघेल तर शपथ!"

धाकटी नवं जाकीट घालून पाण्यात उतरली. काठावर शाळेचे प्राचार्य होते, जाहिरातवाला होता. तिने तळाशी एक चक्कर मारली, अगदी माशासारखी. मग वर आली, तोंडातली नळी सोडली आणि हातपाय सैल टाकले. पाठीवरच्या हवेने तिला अलगद पालथं केलं.

"वा! हलतसुद्धा नाहीत बाई," प्राचार्य म्हणाले. जाहिरातवाल्याने फोटो काढले. दादाने टाळ्या सुरू केल्या, तेव्हा पगारी मंडळींनीही वाजवल्या. वर आलेल्याने बोटांचं वर्तुळ करून 'ठीक' असल्याची खूण केल्याशिवाय काठावर कुणी हुश्श करायचं नाही, हा वडिलांच्या वेळचा नियम. तो टाळ्यांत कुणाला आठवला नाही.

टाळ्या थांबल्या. धाकटी पालथीच होती.

"ए धाकटे!" दादा म्हणाला. मग ओरडला. मग नव्या कोटासकट त्याने उडी मारली. त्याने तिला उताणं केलं. जाकिटाने पुन्हा पालथं केलं. त्याने पुन्हा उताणं केलं. जाकीट त्याच्यापेक्षा हट्टी निघालं.

तेव्हा कुठे धाकटीने स्वतःच मान वर काढली, पोटभर श्वास घेतला.

"मी टाळ्यांच्या वेळीच मेले, दादा. आता सही तूच कर."