दुसरा गठ्ठा

टोळीतला कुणी गेला की त्याचा फोटो छापलेले शर्ट घालूनच सगळ्यांनी त्याला पोचवायचं, ही शिकागोच्या त्या गल्लीची रीत. परवा गोळी लागून मेलेल्या मार्कीसचे शर्ट घ्यायला टायरेल, म्होरक्या ओटिसभाईला न विचारताच, वर्निसमावशीच्या दुकानात शिरला. मावशीने दोन गठ्ठे पुढ्यात टाकले. “दुसरा कुणाचा?” “तुमच्या भाईनेच सकाळी छापायला दिला. मी चेहरे बघायचं सोडलंय रे बाबा.” टायरेलने सुतळी सोडली. निळ्या शर्टावर, टोळीच्या पाचटोकी ताऱ्याखाली, तो स्वतःच हसत होता. रविवारी मांस भाजता भाजता भाईने “हस की, वाघा!” म्हणत काढलेला फोटो. खाली जन्मतारीख, तिच्यापुढे मरणाची: आजची. त्याने गठ्ठा पुन्हा बांधायला घेतला, पण गाठ बसेना. दारात भाईची गाडी थांबली. “अरे वाघा, तू इथे कुठे? ये, पुढची सीट तुझ्यासाठीच ठेवलीय!”