तक्रार-खिडकी

एकशे चौदाव्या माणसाला उत्तर लिहून होईस्तोवर बाबांचा चहा पार गार झाला. त्यांनी तो तसाच घशाखाली घातला आणि फोनवर एकशे पंधरावा उघडला.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं तक्रार-खिडकीवर बसलेला हा माणूस. आलेल्या प्रत्येक तक्रारीला उत्तर द्यायचं, खिडकी बंद व्हायच्या आत द्यायचं, आणि समोरचा आई-बहिणीवरून बोलला तरी आपण त्याला 'आपण'च म्हणायचं, हा त्यांचा नेम. आता तक्रारी लेकीच्या नावाने येत होत्या, एवढाच काय तो फरक.

लेक मालिकेत कॅप्टन झाली होती. मालिका अवकाशातली, एका गाजलेल्या व्हिडिओ गेमवरून काढलेली. गेममधल्या कॅप्टनच्या डोक्यावरचं हेल्मेट कधी म्हणून निघत नाही; खेळणाऱ्यांनी वीस वर्षांत तिचा चेहरा पाहिलेला नाही. मालिकेत ते पहिल्याच भागाच्या शेवटी निघालं, आणि आतून निघाली यांची पोर. झालं! लोकांच्या अंगाचा नुसता तिळपापड.

'यापेक्षा रिकामं हेल्मेट बरं होतं,' असं एकाने नेटवर लिहिलं. ते वाचलं त्या दिवशी बाबांना जेवण गेलं नाही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि खाली लिहिलं : 'आपली नाराजी समजली. तथापि आपण सहावा भाग अवश्य पाहावा. त्यात तिने एकही शब्द न बोलता निरोप घेतला आहे.' तो माणूस तुटून पडला. त्याच्या मदतीला चार दोस्त धावले. बाबांनी चौघांनाही उत्तरं दिली. मग चाळीस आले. नावाच्या जागी बाबांनी 'एक प्रेक्षक' असं घातलं होतं. बापाने केलेल्या कौतुकाला कोण विचारतो?

"अहो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली," आई आतून म्हणाली. "मिटा की ती खिडकी आता."

"एक तरी तक्रार शिल्लक ठेवून मी कधी उठलोय का?"

तेवढ्यात बेल वाजली. लेकच होती. हातात भलंमोठं खोकं. ते टेबलावर ठेवून ती बूट न काढताच खुर्चीत बसली.

"दुसऱ्या सीझनचं ठरलं," ती म्हणाली.

"घेतलं ना तुला?"

"घेतलं."

बाबांचा जीव भांड्यात पडला. "बघ! मी म्हणत नव्हतो? चांगलं काम लोकांना उशिरा का होईना..."

"हेल्मेट काढायचं नाही म्हणाले निर्माते. एकदाही नाही. आणि आवाज दुसरीचा घेणार."

"मग तू करायचं काय?"

"चालायचं. पळायचं. मारामारीत पडायचं."

आई हात पुसत बाहेर आली. लेक पुढे सांगत राहिली. "शिव्या काय, सगळ्यांनाच पडतात. दोन आठवड्यांत थंड झालं असतं, आमच्या दिग्दर्शकबाईच म्हणत होत्या. पण ते एक आहे ना, रिकाम्या हेल्मेटवालं, ते काही केल्या खाली जाईना. त्याच्याखाली कुणीतरी रोज सकाळी येऊन भांडत बसतो. जितकी उत्तरं पडतात तितकं ते वर चढतं, तशीच रीत आहे तिथली. आजच्या मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर लावलं होतं. सगळ्यात वर तेच. मी समोर बसलेली. म्हणाले, बघा, लोकांना नक्की काय हवंय ते."

"कोण मेला भांडतो तो?" आईने विचारलं.

"कोण जाणे. 'एक प्रेक्षक' म्हणे. आणि गंमत बघ आई, माझ्याच बाजूने बोलतो बिचारा. इतकं अदबीने लिहितो ना! पण त्याचे हात कुणीतरी बांधायला हवे होते गं."

बाबांच्या हातातला फोन थरथरला. एकशे पंधराव्याचं काहीतरी आलं होतं. त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. आईने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि कोरडे झालेले हात पुन्हा पुसू लागली.

लेकीने खोकं उघडलं. आतून हेल्मेट काढून दोन्ही हातांनी तोललं. "अडीच किलो भरतं. मानेला सवय व्हावी म्हणून घरी दिलंय. रोज दोन तास घालून बसायचं." तिने केस मागे बांधले, डोळे मिटले आणि ते डोक्यावर चढवलं. मानेपाशी कट्कन आवाज झाला. नाक, डोळे, हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण, सगळं गेलं. राहिली ती काळी काच. त्या काचेत बाबांना स्वतःच दिसले, बोटभर उंचीचे, चष्मा कपाळावर.

"बाळा," बाबा म्हणाले. "तो मी आहे. तो प्रेक्षक मीच आहे गं. माझ्यामुळे झालं हे."

हेल्मेट त्यांच्याकडे वळलं.

"काय म्हणालात बाबा?" आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "आत काहीच ऐकू येत नाही. थांबा, काढते."

तिचे हात मानेपाशी गेले. बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि दोन्ही हात हलवू लागले. नको. राहू दे. काढू नकोस.