बहात्तर ठोके

प्रात्यक्षिकाच्या खोलीत सहा खाटा होत्या, पाच रबरी पुतळे, बावीस मुली आणि सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ. सहाव्या खाटेवर शिकवणाऱ्या मॅडम स्वतः बसल्या होत्या, डावी बाही कोपरापर्यंत सरकवून.

"पुतळ्याला नाडी नसते, मला आहे," त्या म्हणाल्या. "या एकेक."

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची ही परीक्षा त्या कायम स्वतःच्याच मनगटावर घेत. त्यांची नाडी बहात्तर. त्या स्वतः शिकत होत्या तेव्हा बहात्तर होती, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक वर्गाने एकमुखाने तेवढीच सांगितली होती. एखाददुसरा ठोका इकडेतिकडे चाले. त्यापुढे गेलं की नापास, आणि नापास मुलीला वॉर्डात पाय ठेवता येत नसे.

एकवीस मुली पास झाल्या. बाविसावीने पूर्ण मिनिटभर मोजून सांगितलं, "एकोणनव्वद."

"माझी नाडी आहे ती, भाजीचा भाव नाही. पुन्हा."

"त्र्याऐंशी."

तिसऱ्या खेपेला चौऱ्याण्णव निघाले. वर्ग खदखदून हसला आणि त्या दिवसापासून तिचं नाव 'लॉटरी' पडलं.

हसण्यात लॉटरीही सामील झाली होती. वसतिगृहाच्या खोलीत येऊन बूट काढेपर्यंत मात्र ते हसू ओसरलं. नर्स व्हायचं हे आईने ठरवलं होतं की आपण, हेच तिला आता आठवेना. गणवेश तुला शोभतो, असं सगळे म्हणत. पण गणवेश दुकानातल्या पुतळ्यालाही शोभतो.

"तू खरंच मोजतेस?" तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं. हिचं तोंड कधी मिटत नसे, म्हणून ही 'रेडिओ'.

"म्हणजे? तू नाही मोजत?"

"मी घड्याळाकडे बघते, भुवया आवळते आणि मिनिट झालं की एकाहत्तर म्हणते. नेमकं बहात्तर म्हटलं तर पाठ केल्यासारखं वाटतं."

"आणि उद्या पेशंटची?"

"पेशंटची मोजीन की गं. मॅडमची कशाला मोजायची? ती तर माहितीच आहे. मागच्या वर्षीच्या ताईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या ताईंनी."

"मग माझंच का चुकतं?"

"घाबरतेस तू. घाबरलं की आपल्याच बोटातली नाडी लागते हाताला. पुस्तकात आहे ते."

हे लॉटरीला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. एका मनगटाला हात लावताना जिची बोटं अशी दगा देतात, ती आजारी माणसाला काय आधार देणार? तिने मावशीला फोन लावला. मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं.

"काजं-बटणं करायला माणूस हवंच आहे," मावशी म्हणाली. "ये तू. बटण कुणाला नापास करत नाही."

"सोमवारपासून येते."

उरली होती चौथी आणि शेवटची संधी. शुक्रवारी लॉटरी खोलीत वेळेआधीच हजर होती, मॅडम उशिरा आल्या. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून कठड्यावरून बोट फिरवायची त्यांना सवय होती, आणि धूळ सापडली की शिपायाची खैर नसे. आज बहुतेक बरीच सापडली असावी.

"हं, लॉटरीबाई," खाटेवर टेकत त्या म्हणाल्या. "आज काय निघतंय बघू."

लॉटरीने बोटं बदलली, दाब कमी केला, श्वास संथ ठेवला. मिनिट संपलं. जिभेवर बहात्तर आलं होतं. तेवढं म्हटलं की वॉर्ड.

"एकोणऐंशी," ती म्हणाली. "मला बहात्तरही म्हणता आलं असतं, मॅडम. पण उद्या पेशंटपाशी काय म्हणू? मी सोमवारपासून येत नाही, मावशीच्या दुकानात बटणं शिवणार आहे. फक्त माझी चूक कुठे होते, तेवढं दाखवा."

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत कुणी नापास होऊन वर शंका विचारली नव्हती.

"बैस. हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला आणि त्याची चकती स्वतःच्या छातीवर धरली. "धडधाकट माणसात हृदयाचा एक ठोका म्हणजे मनगटाला एक ठोका. हृदय बिघडलं असेल तरच काही ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत. दोन्ही आकडे एकच यायला हवेत. मी इथे मोजते, तू तिथे. जेवढा फरक निघेल तेवढी तुझी चूक."

"आणि फरक नाही निघाला तर?"

"तर सोमवारी वॉर्ड. निघाला तर खुशाल बटणं शिव."

दारातून रेडिओ डोकावली. तिला गप्प राहायची खूण झाली आणि चक्क ती राहिली. सेकंदकाटा बारावर आला. लॉटरी ओठ न हलवता मोजत होती. मॅडम वर्गात मोजून दाखवायच्या तशा मान डोलावत होत्या, मग मान डोलवायच्या थांबल्या.

मिनिट झालं. लॉटरी तोंड उघडणार तोच मॅडम म्हणाल्या, "थांब. माझंच चुकलं. पुन्हा."

पुन्हा काटा बारावर आला. पुन्हा दोघींनी मोजलं.

लॉटरीच्या बोटांखाली, मनगटावर: ऐंशी. मॅडमच्या कानात, छातीवर: एकशे आठ.