बशीतला चहा

शिकाऊ मनोविकारतज्ज्ञांना आजार ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या बाई रुग्णाचं सोंग घ्यायच्या. संशयाचा आजार त्यांच्याइतका हुबेहूब कुणी वठवत नसे. आज समोर आजऱ्याची नवी डॉक्टर पोरगी होती. तिने चहा पुढे सरकवला. बाईंनी तो हुंगला, घोटभर बशीत ओतला आणि तिच्यापुढे धरला. “आधी तू पी.” पोरीने बाईंपुढचा, सोंगाच्या सूचनांचा कागद ओढून पाहिला. “बाई, हे ह्यात न्हाय की!” “वाढवलं मी जरा,” बाई म्हणाल्या, पण त्यांचा पाय सारखा हलत होता, नजर दाराकडे जात होती. पोरीने कागद पालथा ठेवला आणि बशीतला चहा पिऊन टाकला. “घरात कोण असं करतंय?” बाईंचा पाय थांबला. “सम्राट. माझा मुलगा. चार वर्षं झाली. बाहेर बसलाय. बोलावते, पण त्याचा चहाही आधी तूच पी हं.”